गुडघ्याला डोंगर वर्ज्य नाही

आषाढ उतरणीला लागला की विदर्भातल्या खाप्यात नागद्वार यात्रेची बोलणी सुरू होतात. गाडी कोणाची, मंडळ कोणतं, निघायचं कधी, शिधा किती घ्यायचा. त्याच बोलण्यांत दरवर्षी काही नावं गळतात. वर्षानुवर्षं न चुकता जाणारा माणूस यंदा नाही म्हणतो आणि कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "गुडघा गेला. पहाड बंद सांगितला आहे." त्यावर कोणी पुढे बोलत नाही. गुडघ्याला मार बसला, आतली गादी फाटली, सांध्यातली गॅप कमी झाली, यांपैकी काहीही झालं की दगडधोंड्यांची चढउतार कायमची सोडायची, हे आपल्याकडे इतकं गृहीत धरलं गेलं आहे की त्याला पुरावा मागावा असं कोणाच्या मनातही येत नाही.

तो पुरावा इथे मागायचा आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. गुडघा दुखावला एवढ्यावरून खडकाळ वाट वर्ज्य ठरत नाही. दुबळी राहिलेली मांडी आणि तयारीशिवाय केलेला उतार, हे दोन खरे अपराधी आहेत, आणि "पहाड बंद" हा सल्ला त्यांतल्या पहिल्याला दरवर्षी अधिक बळ देतो.

ज्या वाटेबद्दल बोलतो आहे ती आधी डोळ्यांपुढे आणू. खाप्याहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा करत गाडी पचमढीला पोचते. नागद्वारची वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते. म्हणून एरवी ती बंद असते आणि नागपंचमीच्या सुमारास जेमतेम दहा दिवस उघडते. सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर धूपगड, १,३५२ मीटर, याच परिसरात आहे. यात्रेकरू या वाटेला सात पहाडांची वाट म्हणतात. दिवस ऐन पावसाचे. पचमढीचा वालुकाश्म भिजून निसरडा झालेला, त्यावर शेवाळ, मध्येच चिखल, मध्येच उघडी पडलेली मुळं, काही ठिकाणी लोखंडी शिड्या. काजरी गाव ओलांडून पद्मशेषाच्या गुहेपर्यंत जायचं आणि चढलेलं सगळं पुन्हा उतरायचं. महाशिवरात्रीला याच भागात चौरागडाची यात्रा असते. तिथे तेराशेच्या आसपास पायऱ्या आणि कित्येकांच्या खांद्यावर महादेवाला वाहायचा त्रिशूळ. विदर्भातली माणसं या दोन्ही वाटा पिढ्यानपिढ्या चालत आली आहेत. नागद्वार बंद झालं की त्या माणसाचा वर्षाचा एक आधार जातो, सोबतीची माणसं जातात आणि वर्षभर पाय चालते ठेवण्याचं निमित्तही जातं.

आता पूर्वपक्ष. तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, नाहीतर खंडनाला काही अर्थ उरत नाही.

पूर्वपक्षाचे आधार चार आहेत. पहिला झिजेचा. बैलगाडीचा आख चालून चालून झिजतो तसा सांधा झिजतो. वंगण संपलं, वाटी घासली, आता जेवढं कमी वापराल तेवढं जास्त पुरेल. दुसरा आधार फोटोचा. एमआरआयमध्ये गादी फाटलेली ढळढळीत दिसते आहे, तिच्यावर दगड चढायचे म्हणजे ती आणखी फाडायची. तिसरा आरामाचा. दुखऱ्या अवयवाला विश्रांती द्यावी हे लहान मुलालाही कळतं. चौथा शास्त्राचा. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मं सांगितली आहेत, त्यांत जानू, म्हणजे गुडघा, वैकल्यकर मर्मांत मोडतो आणि तिथे इजा झाली तर माणूस खंज होतो, लंगडतो. सुश्रुताचं आणि एमआरआयचं एकमत असताना वाद कशाला घालायचा?

हे चारही मुद्दे वरवर भक्कम दिसतात. एकेक घेऊ.

झिजेचा मुद्दा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चा आहे. आख लाकडाचा किंवा लोखंडाचा असतो, म्हणजे निर्जीव. हाडांच्या टोकांवरची कूर्चा जिवंत आहे. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. भार पडला की तिच्यातला द्रव बाहेर येतो आणि भार सुटला की पोषक द्रव्यं घेऊन आत जातो. हे आवर्तन थांबलं की पोषणही मंदावतं. झिजेचा सिद्धांत खरा असता तर ज्यांचे गुडघे वापरलेच जात नाहीत त्यांची कूर्चा सर्वांत जाड राहायला हवी होती. मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या रुग्णांच्या गुडघ्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात उलट दिसलं. भार बंद झाल्यावर वर्षभराच्या आत कूर्चा मोजता येण्याइतकी पातळ झाली होती. गुडघा न वापरून शिल्लक टाकता येत नाही.

दुसऱ्या टोकाला धावणारे घ्या. चालण्यापेक्षा कितीतरी जास्त आदळआपट ते सांध्यावर घेतात. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका पाहणीत हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला. न धावणाऱ्या, बैठ्या लोकांत हेच प्रमाण १०.२ टक्के होतं. स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत मात्र ते १३.३ टक्के निघालं. यातला शेवटचा आकडा लपवायचं कारण नाही, कारण माझं म्हणणं त्यानेच पुरं होतं. भार अती झाला तर नुकसान, भार नसला तरी नुकसान, मधल्या बेताच्या आणि नियमित भारात सांधा सुखी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८४ पासून जवळजवळ दोन दशकं वयस्क धावपटूंचे गुडघे क्ष-किरणांनी तपासले. न धावणाऱ्यांपेक्षा त्यांचे गुडघे अधिक बिघडलेले आढळले नाहीत.

यावर कोणी म्हणेल, हे धडधाकट गुडघे झाले, दुखावलेल्याचं काय? आणि धावणं वेगळं, खडक चढणं वेगळं. दोन्ही शंका रास्त आहेत. दुसरीचं उत्तर आधी देतो, कारण ते थेट मोजलं गेलं आहे. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी पाच रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम सांध्यांतच मापक यंत्रणा ठेवली आणि रोजच्या हालचालींत गुडघ्यावर किती जोर येतो ते नोंदवलं. २०१० साली हे आकडे प्रसिद्ध झाले. खुर्चीतून उठताना शरीराच्या वजनाच्या सुमारे २.४६ पट जोर येतो. सपाट रस्त्यावर चालताना २.६१ पट, जिना चढताना ३.१६ पट, जिना उतरताना ३.४६ पट. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. खुर्चीतून उठू नका असं कोणी सांगत नाही. सकाळी फिरायला जा असं तर आग्रहाने सांगतात. चढ त्याच्या पुढची पायरी आहे, पण ती अनेक पटींनी मोठी उडी नव्हे. ७० किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर सपाटीला साधारण १८३ किलो आणि जिना उतरताना साधारण २४२ किलो जोर पडतो. फरक सुमारे एक तृतीयांशाचा. खडकाची पायरी जिन्याहून उंच आणि वेडीवाकडी असल्यामुळे तिथे तो आणखी वाढेल, हे मान्य. तरीही या फरकाला अभेद्य भिंत म्हणता येत नाही. सरावाने तो पेलता येतो.

आता दुखावलेल्या गुडघ्याचा मुद्दा, म्हणजेच फोटोचा. एमआरआयमध्ये जे दिसतं ते खोटं नसतं, पण दुखणं त्यामुळेच आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे दुखत असोत वा नसोत, सरसकट तपासले गेले आणि २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. साधारण एक तृतीयांश लोकांची गादी फाटलेली किंवा नष्ट झालेली होती. ज्यांची गादी फाटलेली होती त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्यात काहीही दुखलेलं नव्हतं. फाटलेल्या गादीनिशी ही माणसं हिंडतफिरत होती आणि फोटो काढला नसता तर त्यांना ते कधी कळलंही नसतं. फिनलंडमधला २०१३ चा प्रयोग याच्याही पुढे गेला. वयोमानाने गादी फाटलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींची फाटलेली बाजू दुर्बिणीतून कापून काढली आणि बाकीच्यांवर त्यांना न कळू देता शस्त्रक्रियेचा नुसता देखावा केला. वर्षभराने दोन्ही गटांची दुखण्यातली सुधारणा सारखीच होती. फाटका भाग काढूनही जर फरक पडत नसेल, तर साऱ्या दुखण्याचं खापर त्या फाटक्या भागावर फोडून माणसाचा पहाड बंद करणं कोणत्या न्यायात बसतं?

तरुण वयात जोरदार मार बसून अस्थिबंध तुटला तर गोष्ट गंभीर असते. तिथेही पुरावा काय सांगतो? स्वीडनमध्ये गुडघ्याचा पुढचा क्रॉस अस्थिबंध तुटलेल्या १२१ तरुण, खेळत्या लोकांचे दोन गट केले गेले. एकाची शस्त्रक्रिया लवकर केली, दुसऱ्याला आधी पद्धतशीर व्यायाम दिला आणि गरज पडल्यास पुढे शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. २०१० साली आलेले दोन वर्षांनंतरचे निकाल दोन्ही गटांत सारखे होते, आणि व्यायामाच्या गटातल्या ५९ पैकी ३६ जणांना तोवर त्या शस्त्रक्रियेची गरजच पडली नव्हती. शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असा याचा अर्थ लावू नये. कोणाला ती हवीच असते. पण दोन्ही गटांना व्यायाम दिलेला होता, आणि घरी बसवून ठेवणं हा उपचार कोणत्याच गटाला दिला नव्हता, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

तिसरा आधार आरामाचा. विश्रांती, बर्फ, पट्टा आणि पाय उंच ठेवणं, हा चौकोनी मंत्र जगभर पसरवला तो गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी, १९७८ च्या त्यांच्या पुस्तकातून. त्याच मिर्किनांनी २०१४ साली जाहीरपणे मत बदललं. बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी दुखापत भरून यायला मदत होण्याऐवजी उशीर होऊ शकतो, असं त्यांनी लिहिलं. सल्ला देणाऱ्याने तो मागे घेतला, पण आपल्याकडे तो अजून पूर्ण जोरात चालू आहे. पहिले काही दिवस भार कमी करणं योग्यच. पण ते दिवस महिन्यांत आणि महिने वर्षांत गेले की काय होतं ते पाहा. गुडघ्यात पाणी साठलं की मज्जातंतूंच्या पातळीवरच मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूम मंदावतो. माणसाने कितीही मनावर घेतलं तरी तो स्नायू पूर्ण आवळला जात नाही. त्यात आराम. स्नायू बारीक होत जातो. मग एखाद्या दिवशी साध्या पायरीवर गुडघा दगा देतो, माणूस घाबरतो आणि सगळे म्हणतात, "बघा, सांगितलं होतं ना!" आरामाने आणलेला दुबळेपणा अशा रीतीने आरामाच्याच बाजूचा पुरावा ठरतो. हे चक्र तोडल्याशिवाय गुडघा सुधारत नाही.

आणि सुश्रुत? मर्मांचा अध्याय शल्यकर्म करणाऱ्याला बजावतो की या जागा जपा, इथे शस्त्र लागलं किंवा मोठा घाव बसला तर परिणाम भयंकर होतात. जानूच्या घावाने लंगडेपण येतं, हे खरंच आहे. पण घाव भरून आल्यावर काय करायचं, हा प्रश्न मर्माच्या अध्यायात नाही. तो भग्नचिकित्सेत आहे. तिथे तळहाताच्या मोडलेल्या हाडाबद्दल सुश्रुत सांगतो की हाड जुळल्यावर रुग्णाने आधी मऊ गोळा हातात धरावा आणि बळ परत येत जाईल तसं भार वाढवत शेवटी दगड धरावा. मऊपासून दगडापर्यंत, बळाच्या मानाने चढत जाणारा भार, हेच तर आजच्या पुनर्वसनाचं सूत्र आहे. ग्रंथाचा एक अध्याय वाचून दुसरा मिटून ठेवणाऱ्याला शास्त्राचा आधार घेता येत नाही.

पूर्वपक्षाचे चारही खांब असे कलले. पण खाप्यात आणखी एक मत नांदतं आणि तेही तितकंच चुकीचं आहे. "महादेव नेतो" असं म्हणून, बाजारातून गुडघ्याचा पट्टा घेऊन, निघण्याच्या आदल्या दिवशी दुखण्याचं इंजेक्शन टोचून जाणाऱ्यांचं ते मत. त्यांची श्रद्धा मला वंदनीय आहे, त्यांची तयारी नाही. दुखणं ही गुडघ्याची वाचा आहे. ती औषधाने बंद करून भिजल्या खडकावर उतरायचं म्हणजे इशारा ऐकायचाच नाही असं ठरवून निघणं. पट्ट्याने थोडा आधार आणि ऊब मिळते, स्नायूचं काम तो करत नाही. "पहाड बंद" म्हणणारा आणि "काही होत नाही" म्हणणारा, दोघेही एकाच गोष्टीला फाटा देतात आणि ती म्हणजे वाटेच्या आधीचे महिने. मंडनाची जागा नेमकी तिथे आहे.

मंडनाआधी पूर्वपक्षाचं जे खरं आहे ते त्याला देऊन टाकतो. मार बसल्यावर काही तासांतच गुडघा टम्म फुगला, गुडघा अडकून सरळच होईना, चालता चालता वारंवार सटकू लागला, ताप आला आणि सांधा लाल-गरम झाला, तर डोंगराचा विचार बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलं पाहिजे. कॅनडात तयार झालेले ओटावा नियम जगभर वापरले जातात. मार बसल्यानंतर चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल, फक्त वाटीवर किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाच्या टोकावर दाबल्यावर दुखत असेल, किंवा वय ५५ वा त्याहून अधिक असेल, तर क्ष-किरण फोटो काढावा, असं ते सांगतात. अशा वेळी चालत राहणं याला मी धाडस म्हणणार नाही. पण हा टप्पा ओलांडल्यावर, मोठी इजा नाही किंवा तिच्यावर उपचार झाले आहेत हे कळल्यावर, "बंद" हा शब्द पुन्हा तपासला पाहिजे.

मग काय करायचं? पहिली गोष्ट ही की तयारी वाटेसारखी हवी. नुसती हालचाल पुरत नाही. खाप्याच्या हातमागावर बसलेला विणकर डोळ्यांपुढे आणा. पाय खड्ड्यात. एक पाय खालची पट्टी दाबतो, दुसरा सोडतो, हातातल्या दोरीच्या झटक्यासरशी धोटा या काठाकडून त्या काठाकडे जातो. दिवसभरात त्याचा गुडघा अगणित वेळा वाकतो आणि सरळ होतो. पण शरीराचं वजन बैठकीवर असतं, गुडघ्यावर येत नाही. हालचालीची त्याला काडीची कमी नाही, तरी उतारावर त्याची मांडी थरथरली तर नवल मानू नये. उतारावर मांडीच्या स्नायूला ताणलं जात असताना भार धरून ठेवावा लागतो. ते निराळं काम आहे आणि ते केल्यानेच येतं.

त्याचा सराव घरच्या ओट्यावर होतो. पायरीच्या कडेला दुखावलेल्या पायावर उभं राहायचं, हाताने भिंत धरायची, आणि दुसऱ्या पायाची टाच सावकाश, मनात चार मोजत, खालच्या जमिनीला टेकवायची. टेकवताच पुन्हा वर. गुडघ्याकडे नजर ठेवायची. तो आत, दुसऱ्या पायाकडे, कलंडत असेल तर पायरी उंच आहे किंवा मांडी-कुल्ल्याचं बळ कमी आहे. वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रोखाने जात असेल आणि कंबर एका बाजूला झुकत नसेल, तर काम बरोबर चाललं आहे. आधी चार बोटं उंचीची फळी, मग ओट्याची पायरी, मग त्याहून उंच दगड. सोबत खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, टाचा उचलणं, एका पायावर तोल सांभाळणं. जोर वाढवायचा की नाही ते दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते. गुडघा सुजला नाही आणि कालचं दुखणं कालच विरलं, तर एक पाऊल पुढे. सूज आली, तर एक पाऊल मागे. पूर्ण थांबायचं नाही.

घरचं बळ आलं की उघड्या उतारावर जायचं. कन्हान नदी खाप्याच्या पायथ्याशीच आहे आणि गाव तिच्या उंच काठावर वसलं आहे. पात्राकडे जाणारा उतार आठवड्यातून दोन-तीनदा चढला-उतरला तर सराव घडतो. उतार उतरल्याने दुखणारे स्नायू एकदा त्यातून सावरले की पुढचे काही आठवडे तसल्याच उतारावर तितके दुखत नाहीत, हे व्यायामशास्त्रात अनेकदा सिद्ध झालं आहे. म्हणून यात्रेच्या आदल्या दिवशी दिलेल्या इंजेक्शनपेक्षा यात्रेच्या आधीच्या महिन्यातले हे उतार जास्त काम करतात. फिजिओथेरपिस्ट गाठता आला तर फारच चांगलं. पण तो दूर आहे म्हणून सगळंच सोडून देणं बरोबर नाही. यासाठी लागते ती पायरी, भिंत आणि सातत्य.

प्रत्यक्ष वाटेवर चार गोष्टी पाळाव्यात. पहिली काठीची. ऑस्ट्रियात १९९९ साली तीव्र उतारावर मोजमाप झालं. दोन्ही हातांत काठ्या घेऊन उतरताना गुडघ्यावरचे निरनिराळे भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाले. आपली बांबूची काठी महागड्या काठीइतकीच कामाची आहे, मात्र एक नव्हे, दोन घ्याव्यात. उतरताना त्या पायाआधी खाली टेकवाव्यात. शिडीवर मात्र दोन्ही हात मोकळे हवेत. दुसरी ओझ्याची. २००५ साली गुडघ्याचा संधिवात असलेल्या वजनदार लोकांवर झालेल्या अभ्यासात शरीराचं वजन एक किलोने उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी झाला. पाठीवरच्या पिशवीलाही हाच धडा लागू होतो. चौरागडाला भारी त्रिशूळ वाहण्याचा नवस ज्याचा गुडघा दुखावला आहे त्याने हलक्या त्रिशूळावर भागवावा. महादेव वजन करून घेत नाही. तिसरी पावलाची. लहान पाऊल, टेकताना गुडघा किंचित वाकलेला, उंच खडकावरून उडी न मारता अंग आडवं वळवून किंवा सरळ बसून उतरणं. त्यात लाज कसली? चौथी वेळेची. उताराला दिवसाचा उजेड आणि पायांत ताकद शिल्लक ठेवून निघणं. थकलेली मांडी गुडघ्याला वाचवू शकत नाही, आणि शिखर गाठल्याच्या आनंदात हे हमखास विसरलं जातं.

एक आक्षेप उरतो आणि तो प्रेमापोटी येतो. मुलगा म्हणतो, "आई, देव घरातही आहे. एवढा धोका कशाला?" या प्रश्नात माया आहे, पण अर्धाच हिशेब आहे. डोंगरावर जाण्याचा धोका त्याला दिसतो, घरी बसण्याचा धोका दिसत नाही. पहाड बंद झाला की हळूहळू बाजार बंद होतो, मग नदीवरची फेरी, मग शेजारच्या आळीतलं लग्न. वजन वाढतं, साखर वाढते, मांडी वाळते, आणि काही वर्षांनी तीच आई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडते. तो धोका नागद्वारच्या खडकाहून लहान कसा म्हणायचा? कित्येक बायकांच्या आयुष्यात घराबाहेरचं, स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या इच्छेने केलेलं वर्षातलं हे एकच चालणं असतं. ते काढून घेण्याआधी दहादा विचार केला पाहिजे. तयारी करूनही एखाद्या गुडघ्याला सात पहाड झेपणार नाहीत, हे अगदी शक्य आहे. त्याने काजरीपर्यंत जावं, नाहीतर पचमढीत थांबून सोपी वाट चालावी. किती झेपतं हे तयारीनंतर ठरावं, तयारीच्या आधी नव्हे.

म्हणून मागणं साधं आहे. रुग्णाने डॉक्टरांना "डोंगर चालेल का?" असं विचारू नये, कारण त्याचं उत्तर "नको" हेच सोपं पडतं. "डोंगर चढता यावा म्हणून मला आजपासून काय करावं लागेल आणि ते जमलं हे कशावरून ओळखायचं?" असं विचारावं. डॉक्टरांनीही फोटो दाखवून "बंद" म्हणण्याआधी रुग्णाला एकदा पायरी उतरायला लावून पाहावं. यात्रेला माणसं नेणाऱ्या मंडळांनी गाडीची बोलणी सुरू होण्याची वाट न पाहता, निघण्याच्या दोन-तीन महिने आधी, कन्हानच्या काठावर उताराचा सराव ठेवावा आणि दुखऱ्या गुडघ्याच्या माणसांना आग्रहाने त्यात बोलवावं. याला खर्च नाही, परवानगी लागत नाही. यंदा ज्याचं नाव यादीतून गळलं आहे त्याच्या घरी आजच जाऊन, पुढच्या नागपंचमीसाठी त्याच्यासोबत पहिली पायरी उतरायला हवी.